ळ कमी पडला तेव्हा

दीक्षानं पुण्याहून आजोबांसाठी लॅपटॉप पाठवला, तेव्हा बाबांनी दोन दिवस ते खोकं उघडलंच नाही. ते टेबलावर तसंच पडून होतं आणि बाबा त्यावर रोजचा पेपर ठेवत होते.

"माह्यं काय काम आहे त्याच्याशी?" ते म्हणाले. "मोबाइल आहे ना."

दीक्षा माझी मुलगी. मोबाइलच्या पडद्यावर आजोबांना आपला चेहरा नीट दिसत नाही, एवढंच कारण मनात धरून तिनं मोठ्या पडद्याचा लॅपटॉप निवडला होता. तिसऱ्या दिवशी शाळेत शिकवून आल्यावर मीच खोकं फोडलं. झाकण उघडून, चालू करून बाबांसमोर ठेवलं. बाबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. चष्मा वर सरकवून ते कळांवर वाकले आणि विचारलं, "मराठी अक्षरं कुठी आहेत?"

त्यांच्या दृष्टीनं तो पहिलाच प्रश्न असणार होता. बाबा, म्हणजे आनंदराव गोंडाणे, महाल भागातल्या महादेवरावांच्या छापखान्यात एकतीस वर्षं कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत बसवायचे, ओळ भरायची, मग दुसरी. प्रत्येक खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटं. लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचा वेगळा खण, आणि कोणत्या खणात काय आहे हे बाबा न बघता सांगायचे.

आम्ही तेव्हा पाचपावलीत राहायचो. सुटीच्या दिवशी आई माझ्या हाती डबा द्यायची आणि शेजारच्या काकूंसोबत मी छापखान्यात जायची. आत शाई आणि रॉकेलचा वास भरलेला असायचा. खिळे रॉकेलनं धुवायचे, म्हणून बाबांच्या शर्टालाही तोच वास. जेवताना ते बोटं साबणानं दोनदा धुवायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच. मी वाचायला शिकले ती तिथंच, आणि सुरुवातीला उलटी अक्षरं मला सुलट अक्षरांपेक्षा लवकर ओळखता यायची. शाळेत बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं त्यावरून. बाबा मात्र खूश होते.

पुढं ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आले. महादेवरावांनी खिळे भंगारात दिले आणि बाबा घरी बसले. नंतर आई गेली, आम्ही मनीषनगरला राहायला आलो. छापखान्याचं नाव घरात निघेनासं झालं.

मी सीताबर्डीवरून मराठी अक्षरांचे स्टिकर आणले आणि कळांवर चिकटवले. बाबा रोज दुपारी तासभर बसू लागले. पण त्यांचं काही जुळत नव्हतं. छापखान्यात ऱ्हस्व वेलांटीचा खिळा अक्षराच्या आधी बसायचा. त्या सवयीनं बाबा आधी वेलांटी दाबायचे आणि पडद्यावर ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला लटकलेली वेलांटी यायची.

"हे काहून असं होऊन राहिलं वं?"

"बाबा, आधी अक्षर, मग वेलांटी."

"पण दिसते तं आधी."

चुकलेलं अक्षर पुसलं की ते विचारायचे, "गेलं कुठी ते?" खिळा केसमध्ये परत टाकावा लागतो, तो टाकल्याशिवाय काम संपत नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. नुसतंच नाहीसं होणारं अक्षर त्यांना पटत नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला.

तो तिथंच राहिला असता. पण एका रविवारी कुहीहून वंदनाताईंचा फोन आला. वंदनाताई म्हणजे नागसेनकाकांच्या सूनबाई. नागसेनकाका बाबांचे जुने मित्र. छप्पन साली दीक्षाभूमीवरून परतल्यावर त्यांच्या वडिलांनी मुलाचं नाव बदलून नागसेन ठेवलं, ही गोष्ट ते स्वतः रंगवून सांगायचे. ते गाणी रचायचे आणि जयंतीच्या दिवसांत सायकलवरून गावोगाव फिरून गायचे. एक्याऐंशी साली बाबांनी त्यांच्या बारा गाण्यांची पुस्तिका जुळवली होती. महादेवरावांनी रविवारी छापखाना वापरू दिला होता.

"मामाजीची पत्र्याची पेटी पावसात ओली झाली," वंदनाताई सासऱ्यांबद्दल सांगत होत्या. "वही गेली, पुस्तक भी गेलं. त्यायले आता दिसत नाही, शब्द भी विसरतात. काल गाता गाता मधीच थांबले आन् रडले. तुमच्याकडं एखादी प्रत आहे काय?"

आमच्याकडची प्रत घर बदलताना हरवली होती. मी फोन बाबांना दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रत नाही. पण पाहतो मी."

फोन ठेवून त्यांनी कपाट उघडलं.

पहिली दोन गाणी आली. एका बोटानं, चुकत, पण आली. तिसऱ्याला ते अडले. खुर्चीत बसून कपाळ चोळत राहिले. "चाल आठवते, शब्द नाही," म्हणाले. मग उठले, लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. मी भाजी चिरत होते, ती बाजूला सरकवली.

"मी कधी बसून जुळवलं आहे काय?" ते म्हणाले.

ते ओट्याशी उभे राहिले. डावा हात छातीजवळ, मूठ अर्धी मिटलेली, जणू पट्टी धरली आहे. उजव्या हाताचं बोट कळांवर. आणि तिसरं गाणं निघालं. मध्येच ते पुटपुटायचे, "इथं ओळ भरत नव्हती, जागा टाकली होती," किंवा "हा क्ष तुटका होता." गाणी त्यांनी कानानं पाठ केलीच नव्हती. प्रत्येक अक्षर एकदा त्यांच्या बोटांतून गेलं होतं, आणि बोटांना ते आठवत होतं. वेलांटीशीही त्यांनी हळूहळू जुळवून घेतलं. मी मात्र भाजी विसरून त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. तो तसा धरलेला मी पस्तीस वर्षांनी पाहत होते.

अकरा गाणी बारा दिवसांत झाली. बाराव्याला ते धृपदाशीच थांबले. ओळ पडद्यावर होती:

उमललं वं रान माझं, उमललं शिवार.

"आठवत नाही काय पुढचं?" मी विचारलं.

"आठवते. पण हे त्याचं नाही." बाबा खुर्चीवर बसले. "त्यानं लिहिलं होतं, उजळला वं माळ माझा, उजळलं शिवार. एका ओळीत तीन ळ. आन् ती ओळ पाच वेळा. केसमध्ये ळ उरलेच नव्हते, सारे आधीच्या पानात अडकले होते. दुसऱ्या दिवशी मशीन दुसऱ्या कामाले लागणार होती. मी शब्द बदलले. त्याले विचारलं नाही."

"त्यांना कळलं नाही?"

"कधी बोलला नाही तो. मी भी नाही बोललो." त्यांनी शिफ्ट धरून ळ दाबला. पुन्हा दाबला. ओळभर ळ उमटले. "पाह्य, संपतच नाही," म्हणाले, आणि एकेक करून सगळे पुसले.

पुढच्या रविवारी आम्ही बसनं कुहीला गेलो. लॅपटॉपची पिशवी बाबांनी मांडीवर घेतली होती. नागसेनकाका ओसरीत खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. बाबांचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढं केला आणि बाबांची बोटं चाचपली.

"आता शाई नाही लागत काय गा आनंदा?"

"नाही लागत."

मी गाणी वाचू लागले. प्रत्येक गाण्याच्या दुसऱ्या ओळीपासून काका माझ्यासोबत म्हणायचे, कधी माझ्या पुढं जायचे. वंदनाताई दाराशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. अकरावं संपल्यावर बाबांनी मला हातानं थांबवलं.

"नागसेन, बारावं मी बिघडवलं होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

काकांनी बाबांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाले, "मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं गा. लय राग आला होता. सायकल काढून निघालो होतो तुह्याकडं. अर्ध्या रस्त्यातून परत आलो."

"काहून?"

"सात रविवार उभा राहिला तू माह्यासाठी. तुले काय बोलू? आन् मग गाऊन पाहिलं, तं गोड वाटलं. लोकायनं तेच पाठ केलं. आमच्या इकडं ळ तसाही कोणाच्या तोंडी टिकत नाही." ते हसले, आणि हसता हसता खोकले. पाणी प्यायल्यावर त्यांनी जुनी ओळ, ळ असलेली, एकदाच गायली. आवाज फाटलेला होता, पण सूर जाग्यावर होता. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

"आता काय ठेवू?" बाबांनी विचारलं.

"लोकायचं राहू दे. शेवटच्या कडव्याले माह्यं टाक."

बाबांनी लॅपटॉप ओसरीतल्या धान्याच्या कोठीवर ठेवला आणि उभ्यानं ती ओळ टाकली. काका कळांचा आवाज ऐकत होते. टाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुह्यं नाव कुठं टाकलं?"

"माह्यं काहून?"

"जुन्या पुस्तकात भी नव्हतं. छापखान्याचं होतं, महादेवरावाचं होतं. तुह्यं नव्हतं."

"कंपोझिटरचं नाव नसते टाकत."

"आता कोण अडवून राहिलं तुले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिलं पान उघडून दिलं, त्यावर काकांचं आणि गावाचं नाव होतं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांचे निकाल. एकतीस वर्षांत त्यांनी किती लोकांची नावं जुळवली असतील, याचा हिशेब त्यांनाही सांगता आला नसता. स्वतःचं नाव जुळवायची वेळ कधी आली नव्हती. गावाच्या नावाखाली त्यांनी आधी 'जुळणी' लिहिलं. मग आ, मग न, अनुस्वार विसरले, मागं गेले, दिला. बराच वेळ लागला. काकांनी घाई केली नाही.

"झालं काय?"

"झालं."

"वाचून दाखव, रोशनी," काका म्हणाले.

मी वाचलं. जुळणी, आनंदराव गोंडाणे.

बाबा पडद्याकडे पाहतच होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "थोडं बारीक करता येते काय वं हे? लय मोठं दिसून राहिलं."