बारावी फुली

सकाळपासून ठोकेदादांचा पाय घरात ठरत नव्हता. खिडकीशी जायचे, पुलाकडे बघायचे, परत येऊन कोरडाच चष्मा पुसायचे. दोनदा केलेला चहा दोनदा गार झाला.

पुलाची शंभरी उद्यावर आली होती. चाळीस वर्षं दादांनी त्या पुलाचे रिवेट, म्हणजे लोखंडी तुळया जोडणारे जाड खिळे, हातोडीने ठोकून तपासले होते. घट्ट रिवेट खणखणीत वाजतो, सैल असला की बद्द. बद्द वाजला की त्यावर खडूची फुली. निवृत्त झाले तरी गावाचा भरवसा त्यांच्याच कानावर. गेल्या महिन्यात त्यांनी अकरा फुल्या मारल्या, ते अकरा रिवेट बदलले गेले, आणि ‘पुलावर गर्दी उभी राहायला हरकत नाही’ या शेऱ्याखाली त्यांनी ऐटीत सही केली.

त्या एका सहीवर सगळा डोलारा होता. त्यांची मुलगी पुलासाठी निधी जमवणाऱ्या समितीची सचिव. दोन वर्षं लोकांचे उंबरे झिजवून तिने बिस्किट कारखान्याच्या मालकीणबाईंना दुरुस्तीच्या खर्चासाठी राजी केलं होतं. बाईंची अट एकच: धनादेश देणार तो पुलाच्या मधोमध, सगळा गाव पुलावर उभा असताना. बड्यांचे लाड, दुसरं काय!

आणि आज सकाळी दादांना उशाजवळचं गजराचं घड्याळ थरथरताना दिसलं. नुसतं दिसलं. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, “केव्हाचं कोकलतंय हे, बाबा!” म्हणत तिने ते बंद केलं. गेल्या महिन्यात प्रत्येक रिवेट त्यांनी खरंच ऐकला होता, की सवयीने धरून चालले होते?

दुपारी मुलगी पाहुण्यांच्या खुर्च्यांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होती. दादा समोर बसले, उठले, पुन्हा बसले.

“माझ्या शेऱ्यावर जाऊ नकोस,” ते एकदाचे म्हणाले. “मला नीट ऐकू येत नाही गं.”

तिचं पेन थांबलं. “सहा महिने टीव्ही मोठा करून देतेय मी तुम्हाला,” ती म्हणाली. “पण वाटलं, लोखंडाचं तुम्हाला कसंही कळतं.” मग एकदम चिडली. “आज सांगताय? आज?”

लाजेने दादांचा जीव अर्धा झाला होता.

“उठा,” ती म्हणाली. “हातोडी घ्या.”

पुलावर गावकरी दिव्यांच्या माळा चढवत होते, मंचावर गालिचा अंथरत होते. दादांनी आधी तिला नवा रिवेट ठोकायला लावला, म्हणजे खणखणीत कसा ते कळेल. मग ती एकेक ठोकत निघाली. दादा रिवेटकडे बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. पहिली तुळई झाली, दुसरी झाली. तिचा चेहरा सैलावला. दादांच्याही जिवात जीव आला.

तिसऱ्या तुळईवर ती थबकली. पुन्हा ठोकलं. पुन्हा एकदा.

तिने मंचाकडे पाहिलं, माळांकडे पाहिलं, मग बापाकडे. ‘ठीक आहे’ म्हणाली असती, तर त्यांना काय कळणार होतं? हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तिच्याही लक्षात आलंय हेही त्यांना दिसलं.

तिने हात पुढे केला.

“खडू द्या, बाबा,” ती म्हणाली. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, सगळ्यांदेखत.