फोटो बघून मारलेल्या पिवळ्या रेघा

मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे खटारा नव्हे हं, आधीच सांगून ठेवते!

मित्रांनो, कारखान्यात माझा एकेक नट आवळून झाला की तपासनीस बाई स्वतः पाना लावून बघत आणि मगच नटावरून चौकटीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढत. नट सैल पडला, तर रेघ तुटलेली दिसे. पुढे मी पंचवीस वर्षं इमानाने धावले. मग एका शेडमध्ये गंजत पडले, कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

तिथून मला मिस्त्रींनी आणलं. जुन्या गाड्या हुबेहूब पूर्वीसारख्या करणं हे त्यांचं काम, मदतीला त्यांची मुलगी. प्रदर्शनात कारखान्याच्या खुणाही तपासतात, म्हणून त्यांनी जुने फोटो बघून माझ्यावर पिवळ्या रेघा मारायला घेतल्या. ब्रश हातात आहेच तर सगळ्याच उरकून टाकू, असं त्यांना वाटलं. स्टिअरिंगचे चार नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. त्यांच्यावरही रेघा आल्या!

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी निघताना मुलीने विचारलं, "बाबा, स्टिअरिंगचे नट आवळलेत ना?"

मिस्त्रींनी वाकून बघितलं. "रेघ दिसत नाही का? आवळलेत!"

अहो, कुठे आवळलेत! ओरडणार कशी? हॉर्न आहे मला, पण तो दाबायलाही माणूस लागतो.

मुलगी चालवत होती, मिस्त्री शेजारी. प्रत्येक खड्ड्यागणिक नट सुटत होते आणि पुढे मोठा उतार होता.

"बाबा, स्टिअरिंग खडखडतंय."

"जुनी गाडी आहे, कुरकुरणारच."

असा राग आला म्हणून सांगू! पण पोरगी हट्टी. उताराच्या तोंडाशी तिने मला कडेला घेतलं, बॉनेट उघडलं आणि बाबांना हाक मारली. चारही रेघा तुटल्या होत्या.

मिस्त्रींनी आत डोकावून बघितलं. "माझीच रेघ बघून मीच फसलो गं!"

त्यांनी पाना मुलीच्या हातात दिला. मुलीनेच नट आवळले, पुन्हा पाना लावून तपासले आणि डिकीतला रंग काढून नव्या रेघा मारल्या. त्या वाकड्या आल्या.

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "या चार खोट्या वाटतात."

"नाही साहेब," मिस्त्री म्हणाले, "बाकीच्या मी फोटो बघून मारल्यात. या चार तेवढ्या खऱ्या आहेत."

आमचा नंबर गेला. जाऊ दे! मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना खुशाल नटवा, पण आधी पाना फिरवा आणि मग ब्रश. आमच्यात बसून कुणाची तरी लेक निघालेली असते.