ताईसाठी दोन महिने

ताईला यकृताचा तुकडा द्यायला धाकटा भाऊ एका पायावर तयार होता. पण तपासणीत त्याच्याच यकृतावर चरबी निघाली आणि जठरात जंतू सापडले.

"दारूला मी शिवतही नाही," तो म्हणाला.

"या जंतूंचा चरबीशी संबंध असावा, पण खात्री नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चौदा दिवस गोळ्या घ्या, वजन उतरवा. दोन महिन्यांनी बघू."

"तोवर ताई तग धरेल?"

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून त्याच्यापुढे सरकवली.

त्याने गोळ्या घेतल्या, रोज दोन तास चालला. त्याची पँट कमरेवरून घसरू लागली, तसे ताईचे डोळे आणखी पिवळे होत गेले.

दोन महिन्यांनी जंतूंची तपासणी पुन्हा झाली, आणि दुसऱ्या सोनोग्राफीला तो श्वास रोखून पडून राहिला.

"जंतू गेलेत. चरबीही उतरलीय, कशामुळे ते सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारी दोघं दाखल व्हा."

त्याने ताईला फोन लावला. "सोमवारी," तो म्हणाला. "बॅग भरून ठेव."