पन्नासावा रुग्ण

वालीवच्या एका कारखान्यात कावीळ तपासायच्या पट्ट्या बनत. तिथल्या डॉ. दिनानाथांच्या मते त्या पट्टीच्या जोडीला एखादं रामबाण मूळ मिळालं, की वसईचं नाव जगभर होणार होतं. सांडोरला काविळीचं औषध देणाऱ्या भागूबाईंकडे असं मूळ होतं. त्यांच्या पडवीत आजवर एकोणपन्नास रुग्ण तपासून झाले होते आणि एकोणपन्नासच्या एकोणपन्नास बरे झाले होते. इतकं यश पाहून एखाद्याला शंका आली असती. डॉक्टरांना पन्नासावा हवा होता. पंधरवड्यावर परिषद होती.

पन्नासावा नथू. केळीच्या वाडीत राबणारा गडी, डोळे पिवळेजर्द. बायको नर्मदा त्याला दंडाला धरून घेऊन आली. तंत्रज्ञ हेमांगीने त्याच्या बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला. दोन रेघा उमटल्या. कावीळ आहे, असं पट्टीने शास्त्रोक्त जाहीर केलं. ते नथूच्या डोळ्यांवरूनही दिसत होतं, पण डोळ्यांना पेटंट मिळत नाही.

मग भागूबाईंची पाळी. औषधाआधी रुग्णाने घरातली माणसं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सांगायची, ही त्यांना सासूकडून आलेली रीत. पेटंटचा अर्ज तयार करताना डॉक्टरांनी ती 'स्थानिक श्रद्धा' म्हणून गाळली होती.

"घरात कोन कोन हाय, नथू?"

"बा... आई..."

"आन?"

नथूने नर्मदेकडे पाहिलं आणि नुसता पाहत राहिला.

"सासऱ्यांना जाऊन नऊ वर्सं झाली," नर्मदा हळूच म्हणाली. "कालपासून असंच चाललंय. दिवसभर झोपतात."

भागूबाईंनी मूळ फडक्यात परत गुंडाळलं. "कावीळ डोक्यात चढलीय. याला माझं औषद नाय. दवाखान्यात न्या, आत्ता."

"बाई, एकच राहिलाय हो," डॉक्टर म्हणाले.

"हिचा पन एकच हाय."

हेमांगीने विचारलं, "मावशी, असे आणखी किती परत पाठवलेत?"

"तुमचे कागद आल्यापासून? चार."

"सर, ते चार आपल्या नोंदीत नाहीत."

"औषध घेतलंच नाही, तर नोंद कसली?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बाई, थोडं द्या. बघू तर."

हेमांगीचं लक्ष नथूच्या बोटाकडे गेलं. टोचून दहा मिनिटं झाली होती आणि कापूस लाल होऊन ठिबकत होता. रक्त गोठत नव्हतं. यकृताने हात टेकलेत, हे कळायला आता कुठल्याच पट्टीची गरज नव्हती. तिने नथूला उठवलं आणि बाहेर उभ्या गाडीत बसवलं.

"गाडी प्रकल्पाची आहे, हेमांगी."

"नथूही प्रकल्पाचाच आहे, सर. तुम्हाला पापडीपर्यंत रिक्षा मिळेल."

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. उद्या आणलं असतं तर काही करता आलं नसतं, एवढंच त्या म्हणाल्या. सहाव्या दिवशी नथूने नर्मदेला हाक मारून पेज मागितली.

त्याच दुपारी दिनानाथांचा फोन आला. "वाचला म्हणे? छान. मूळ निदान हातात तरी घेतलं होतं ना त्याने? मग पन्नासावा धरता येईल."

"नाही, सर. बाईंनी घरची माणसं विचारली, म्हणून वाचला. तेवढं लिहा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "त्याला आपल्याकडे रकाना नाही."

"मग आखा, सर. पाच नावं भरायची आहेत."