डाव्या कोपऱ्यातला एक

बिराप्पा सरांनी फळ्यावर चौथा मॅट्रिक्स काढला आणि हातावरची खडूची पूड पँटला पुसली. मागच्या बाकावर निवड समितीचे तिघं, पुढं सरांचाच दुसऱ्या वर्षाचा वर्ग. इस्लामपूरच्या या कॉलेजात सर एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की बोंब. गणिताची कायम जागा इतक्या वर्षांत पहिल्यांदा निघाली होती, आणि सरांचं वय बघता ती शेवटचीच. पाठाचा विषय उमेदवारानं निवडायचा होता. सरांनी डोळे झाकून निवडला: मॅट्रिक्सच्या दोन उपअवकाशांचा छेद. हे उदाहरण त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

समजावण्याची त्यांची तऱ्हा त्यांच्या गावाकडची, आटपाडीची. या दोन मॅट्रिक्सची एक भावकी. त्यांच्या पटी घ्यायच्या, बेरजा करायच्या, निघेल तो त्याच भावकीतला. त्या दोघांची दुसरी भावकी. आता दोन्हीकडं ज्याचं नातं लागतं, तो पाव्हणा हुडकायचा. समितीतले एक साहेब खुदकन हसले, आणि सरांना जरा हुरूप आला. समीकरणं भराभर सुटली. एक, दोन, एक, एक असे चार आकडे निघाले. सरांनी ते दोन वर, दोन खाली असे कंसात बसवले आणि भोवती झोकात चौकट काढली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या संयोगितानं हात वर केला. पोरगी हुशार, सरांना मानणारी. तिच्या मनात काही काळंबेरं असायचं कारणच नव्हतं.

"सर, दिलेल्या चारी मॅट्रिक्सला खाली डाव्या कोपऱ्यात शून्य हाय. मग उत्तरात तितं एक कुठनं आला?"

सरांनी फळ्याकडं पाहिलं. शून्याच्या कितीही पटी घ्या, शून्यच. दहावीच्या पोरालाही कळेल. ते चार आकडे म्हणजे कुठला मॅट्रिक्स किती पट घ्यायचा याची नुसती मापं होती. ती मूळ मॅट्रिक्सला लावून मग उत्तर काढायचं. सरांनी स्वयंपाकाची मापंच ताटात वाढली होती. त्यांच्या मास्तरांच्या वहीत तसंच होतं, आणि मास्तरांवर एवढा विश्वास की ताळा करून बघायचं कधी सुचलंच नाही.

 सरांना पळून जावंसं वाटलं. पाठाची चारच मिनिटं उरली होती, समितीतले एक जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, दुसरे घड्याळ बघत होते. 'नंतर बघू' एवढं म्हटलं असतं तरी निभावून गेलं असतं.

"चुकलं माझं," सर वर्गाला म्हणाले. "एकोणीस वर्षं चुकतंय."

वर्षं मोजून सांगायची काही गरज नव्हती, पण सांगून बसले. मग खडू संयोगिताच्या हातात दिला. तिनं पटी लावल्या, बेरीज केली. वर एक, दोन. खाली शून्य, तीन. दुसऱ्या भावकीतूनही नेमकं तेच आलं. मोबाइलवाल्या साहेबांनी मान वर करून काहीतरी लिहून घेतलं.

जागा दुसऱ्याला गेली. संयोगिता डोळे पुसत आली, माझ्यामुळं झालं म्हणाली. सरांनी तिला दटावलं, पुन्हा असं बोललीस तर वर्गात घेणार नाही म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी जुन्या बॅचच्या सगळ्या ग्रुपवर निरोप टाकला: छेदाचं उदाहरण चुकीचं शिकवलंय, वह्या असतील तर दुरुस्त करा, आणि पुढं कुणाला शिकवलं असेल तर त्यांनाही कळवा.

बहुतेकांनी हात जोडल्याची चित्रं धाडली. वीरधवलचा मात्र फोन आला, सर गावी जायला स्टँडवर उभे असताना. अकरा वर्षांमागचा विद्यार्थी, आता फौजेत. इकडचं तिकडचं बोलला, तब्येत विचारली, आणि मग घुटमळला.

"सर, मला तवाच दिसलं हुतं. वहीत दुरुस्त बी केलं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी लय जीव तोडून शिकवत हुता. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून गप बसलो."

 आटपाडीची गाडी लागली होती, लोक चढत होते.

"बोलायचं हुतंस रं," ते म्हणाले. मग गाडीच्या दाराकडं सरकत त्यांनी विचारलं, "पोरंबाळं बरी हाईत न्हवं?"