भोंगा झाला की

चिंचवडच्या एका कॅफेत दर शनिवारी बोर्डगेमवाली मंडळी जमत. दिपालीनं आज आपल्या निवृत्त सासऱ्यांना, ज्योतीरामांना, ओढूनच नेलं. रेल्वेमार्ग जोडायचा डाव रंगात आला होता. तेवढ्यात शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजला आणि ज्योतीराम ताडकन उठून दाराकडे निघाले.

"बाबा, कुठं?"

ते ओशाळले. त्यांच्या जुन्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ते सोबतच्या कामगाराशी, बन्सीशी, बुद्धिबळ खेळत. भोंगा झाला की पट तसाच टाकून मशीनवर पळायचं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. कुणाची प्याद्याला बोट लावायची टाप नव्हती. मग एका रात्रीत कंपनीला टाळं लागलं आणि मांडलेला पट आतच राहिला.

ज्योतीराम परत येऊन बसले. "चाल कुणाची?"

"तुमचीच, बाबा."

"हितली माझी, व्हय. तिथं अजून बन्सीचीच हाय."