दोन घरची मांजर

"दिवसभर ही असते कुठे, हेमाताई?"

डॉक्टर गुरुप्रसादांनी रेवती मांजरीच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरलं आणि सोडलं. ते लगेच खाली बसलं नाही, अंगातलं पाणी कमी झालं होतं. टेबलावरच्या थंड पत्र्यावर रेवती अंग आक्रसून बसली होती.

"घरीच असते. म्हणजे मी दुकानात गेले की कौलांवर, अंगणात. कौलारू घर आमचं, कुठे कुठे बंद करणार?"

"आणि खायला?"

"तुम्ही सांगितलंय तेच. उकडलेली मासळी, वर तुमची पावडर."

डॉक्टरांनी मांजरीच्या मिशांजवळ नाक नेलं आणि हसू दाबत म्हणाले, "वास घेऊन बघा. सुका बांगडा आहे हा. चांगला खारवलेला."

हेमाने वास घेतला. कान गरम झाले तिचे.

"मी नाही घातला हो!"

"तुम्ही घालणार नाहीच. पण कोणीतरी घालतंय. किडनीचं दुखणं वयाचंच आहे, ते काही त्या बांगड्याने आलेलं नाही. पण पाण्याला तोंड लावत नाही आणि वर हे खारं, मग तिला त्रास होणारच. शोधून काढा आणि थांबवा."

रिक्षाने घरी येताना हेमाने रेवतीची टोपली मांडीवर घट्ट धरून ठेवली. कुणीतरी आपल्याला खोटं पाडल्यासारखं तिला वाटत होतं. ती खातूंची हेमा. रामआळीतल्या चष्म्याच्या दुकानात ती कित्येक वर्षं काम करत होती, आणि काच चुकीची लागली म्हणून तिच्या हातचा चष्मा कधी परत आला नव्हता. लग्न राहून गेलं. आईचं अंथरूण काढण्यात चाळिशी उलटली. आई गेली, आणि झाडगावातल्या त्या घरात संध्याकाळी कुलूप उघडलं की आतून काहीच आवाज येईना. तेव्हा तिने मांजर आणायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे सगळी चौकशी करून ठरवलं. मांजर आणण्याआधीच ती डॉक्टरांकडे जाऊन बसली होती. दूध चालतं का? बहुतेकांना बाधतं. कांदा-लसूण अजिबात नाही. मीठ नाही. लस कधी, ऑपरेशन कधी, वाळूचं भांडं कुठे ठेवायचं, गावाला गेलं तर कोणाकडे सोपवायचं. डॉक्टर म्हणाले होते, "मांजर पंधरा वर्षंही जगतं. तेवढी तयारी आहे ना?" त्यावर ती म्हणाली होती, "मला कुठे जायचंय?"

दुकानातल्या दीपालीने तेव्हा तिची चेष्टा केली होती. "मांजर आणत्येस की सून?" पण पिल्लू दीपालीनेच आणून दिलं, लांज्याला तिच्या भावाच्या काजूच्या कारखान्यात पोत्यांमागे सापडलेलं. करडं, पोटाशी पांढरं. हेमाने त्याचं नाव रेवती ठेवलं. ते पिल्लू आता म्हातारं झालं होतं. एवढ्या वर्षांत हेमाने चौकशी केली नव्हती अशी एकच गोष्ट होती. आपण दुकानात असतो तेव्हा मांजर काय करतं?

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. जेवण झाल्यावर ओटीवरच्या झोपाळ्यावर डोळे मिटून पडून राहिली. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तशी रेवती उठली, पाठ ताणली, दगडी गडग्यावर चढली आणि मागे न बघता पलीकडे उतरली. हेमा चपला हातात घेऊन तिच्यामागे गेली.

घरामागून चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी खालच्या वाडीत उतरत होती. हेमा लहानपणी तिथून शाळेत जायची. पुढे सडक झाली आणि पाखाडी सुटली. पायऱ्यांच्या सांध्यांत गवत माजलं होतं. रेवती मात्र रोजची वाट असल्यासारखी, एकेक पायरी सावकाश, मधे दम खात उतरत होती. तळाशी एक बुटकं घर होतं. दारात एक म्हातारी पाय पसरून बसली होती. मांजरीची चाहूल लागताच तिने मान वर केली.

"आलास काय रं बाबल्या? आज उशीर केलास तो!"

रेवती तिच्या मांडीला अंग घासून समोर बसली. घरी हेमाच्या मांडीवर ती फार क्वचित यायची.

म्हातारीने ताटलीतला भाजलेला बांगडा हातात घेतला. डोळे ताटलीकडे नव्हतेच; तिला दिसत नसावं. बोटांच्या टोकांनी ती मासळी चाचपत होती, एकेक काटा हाताला लागला की काढून बाजूला ठेवत होती. बारीक काटेसुद्धा. सगळं मऊ कुस्करून झाल्यावरच तिने ताटली पुढे सरकवली.

हेमा गडग्याशी उभी होती. येताना तिने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, तीही जरा कडकच.

"कोन हाय गो?" म्हातारीने विचारलं.

"मी वरच्या घरातली. हेमा. खातूंची."

"खातूंची? तुजी आय गेली ना गो? चांगली होती. मी सोनूबाय. बस, अशी उभी ऱ्हाव नको."

हेमा पायरीवर बसली. "हे मांजर तुमचं का, आजी?"

"माजाच. बाबल्या. मोठा गुणाचा बोका. दुपारच्याला येतो, जेवतो, माज्या बाजूला निजतो. उन्हं उतरली की जातो."

बोका नव्हे ती, असं हेमाच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जेवलात?"

सोनूबाई हसली. तोंडात एकही दात नव्हता. "माजा कसला जेवन! दोगं मुलगे मुंबयला, गनपतीला येतात. एकटीसाठी कोन चूल पेटवील? पाव नायतर बटर चायमधी बुडवला की झाला. पन ह्याच्यापायी चूल लावावी लागते. भाजलेला बांगडा लागतो म्हाराजांना. मंग त्याच निखाऱ्यांवर मूठभर पेज टाकते. ह्यो जेवतो म्हून मी जेवते."

रेवतीने ताटली चाटून पुसून लख्ख केली. हेमा आणखी थोडा वेळ बसली, पाणी प्याली आणि जुळवलेल्यातलं एकही वाक्य न बोलता पाखाडी चढून घरी आली.

काय सांगणार होती ती? तुमचा बांगडा बंद करा, म्हणजे चूलही बंद करा?

दुसऱ्या दिवसापासून तिने दुसरा मार्ग धरला. दुकानात जाताना रेवतीला माजघरात कोंडायची. खिडक्या लावायच्या, खाली वाळू, पाणी, उकडलेली मासळी ठेवायची. संध्याकाळी यावं तर मासळीला तोंड लावलेलं नसायचं आणि दाराची फळी नखांनी ओरबाडलेली असायची. रेवती हेमाकडे पाठ करून कोपऱ्यात बसायची.

रविवारी हेमा घरी होती. दुपारी जेवायला बसली आणि पाखाडीकडून हाक आली.

"बाबल्याऽऽ! ये रंऽऽ!"

माजघरात रेवती दारापाशी जाऊन उभी राहिली. हाक थांबली. थोड्या वेळाने पुन्हा आली, जरा चिरकी. मग परत. हेमाचा घास हातातच राहिला. तिने ताटावर ताट झाकलं, रेवतीला उचललं आणि पाखाडी उतरली.

सोनूबाई तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत चढून आली होती. गडग्याला धरून उभी.

"आजी, मी हेमा. हिला घेऊन आले."

"कुटं घावला गो? मला वाटला, कुत्र्यानी धरलान."

"नाही. माझ्याच घरात होती. कोंडून ठेवली होती मी." आता थांबायचं नाही, असं हेमाने ठरवलं होतं. "आजी, ही मांजर माझ्याकडची आहे. लहानपणापासून. आजारी आहे ती. डॉक्टरांनी तिला खारं बंद केलंय."

सोनूबाईने हात पुढे करून रेवतीची पाठ चाचपली, कुशीतली हाडं चाचपली.

"रोड झालाय ह्ये मला लागत होता हाताला," ती म्हणाली. "म्हून तर जास्ती घालीत होते. म्हंजे मी इख घातला त्याला?"

"नाही हो. डॉक्टर म्हणाले, दुखणं वयाचंच आहे. खाऱ्याने फक्त त्रास वाढतो."

"त्या दिशी माज्या दारात बसलीस तवा ठाव होता तुला?"

"होतं."

"मंग बोलली नायस ती?"

हेमा खाली बघू लागली. "तुम्ही म्हणालात, ह्याच्यासाठी चूल लावते. मला वाटलं…"

"काय वाटला? म्हातारी उपाशी मरंल?" सोनूबाईचा आवाज चढला. "माजी दया आली म्हून ह्या मुक्या जिवाला खाऊ दिलास? आनि मंग न सांगता सवरता कोंडलास? चार दिस मी ताटली घेऊन बसते हितं. एक शबूद सांगितला असतास तर मला कळला नसता? मी काय येडी हाय?"

आईच्या आजारपणात डॉक्टर, शेजारी, नातेवाईक, सगळे तिच्याशी असंच जपून, अर्धं गिळून बोलायचे. तेव्हा तिला त्याचा किती राग यायचा, ते तिला आठवलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

सोनूबाई वळून पायऱ्या उतरू लागली. दाराशी पोचल्यावर तिने मागे न वळता विचारलं, "काय चालता त्येला?"

"उकडलेलं. ताजी मासळी, मीठ न घालता."

"ताजी कुठनं आनू मी? बाजार लांब."

"मी सकाळी आणून देईन."

"आन. काटं मी काढीन."

असं ते सुरू झालं. सकाळी हेमा बाजारातून मांदेली, नाहीतर ओले बोंबील घेऊन यायची आणि दुकानात जाण्याआधी खाली पोचवायची. गोळी तीच द्यायची, पाठीवर द्यायची सुई टोचायलाही तीच शिकली. दुपारचं जेवण सोनूबाईकडे. घरी स्टीलच्या वाटीतल्या पाण्याला नाक मुरडणारी रेवती सोनूबाईच्या नळाखालच्या दगडी डोणीतलं पाणी मात्र पोटभर प्यायची. हेमाने डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तिथेच पिऊ दे की. तुमची काय हरकत आहे?"

हरकत होती, थोडी. बोंबील पोचवून पाखाडी चढताना कधी कधी मागून सोनूबाईचं बोलणं ऐकू यायचं. मुलग्यांच्या गोष्टी, सुनेच्या तक्रारी, गावच्या भाताच्या गोष्टी, सगळं त्या मांजरीला सांगणं चालायचं. आपण रेवतीशी कधी असं बोललो नाही, हेमाच्या मनात यायचं. आपण तिचं सगळं वेळच्या वेळी केलं, तेवढंच.

दिवाळी झाली. आंबे मोहोरले. रेवतीने त्या महिन्यांत थोडं अंग धरलं आणि मग पुन्हा सोडलं. पाखाडी तिला झेपेना, तेव्हा हेमा सकाळी तिला मासळीबरोबरच उचलून खाली न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. डॉक्टरांनी शेवटी शेवटी औषधं कमी केली. "खाईल ते खाऊ दे," एवढंच म्हणाले.

थंडीतल्या एका संध्याकाळी हेमा दुकानातून आली, तर सोनूबाई तिच्या अंगणात, ओटीच्या पायरीवर बसलेली. ती सबंध पाखाडी एकटीने चढून आली होती. मांडीवर जुन्या लुगड्याची नीट घडी होती आणि त्यात रेवती.

"जेवून निजला माज्या बाजूला," सोनूबाई म्हणाली. "मी हात लावला तर गार. तरास नाय झाला त्याला."

हेमा तिच्या शेजारी बसली. घडीवर हात ठेवला. अंधारायच्या आत हेमाने विहिरीपलीकडे, पेरूखाली खड्डा घेतला. जांभ्याचा खडक लागला, पहार घालावी लागली. सोनूबाईने चाचपत घडी आत ठेवली, माती तिनेच लोटली आणि हात धुवायला पाणी मागितलं.

"उद्यापासून मासळी आनू नको," पदराला हात पुसत ती म्हणाली.

"आणते की."

"माज्यासाठी? नको गो बाय. दया नको, तुला सांगितलाय मी."

हेमा म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. मला एकटीला जेवायला नको वाटतं, आजी. संध्याकाळी दुकानातून घरी येते, ताट वाढते आणि तसंच झाकून ठेवते. आई गेल्यापासून असंच चाललंय."

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, दीपालीलाही नाही.

सोनूबाईने तिच्या आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं.

"मंग खाली ये," ती म्हणाली. "पन लवकर ये. मला भूक लागली की मी थांबत नाय कोनासाठी."

ती उठली आणि गडग्याला हात लावत पाखाडीच्या तोंडाशी गेली. हेमा हात द्यायला पुढे झाली, मग जागीच थांबली. खाली एकेक पायरी पायाने चाचपत, मधे दम खात सोनूबाई उतरत गेली. खालच्या दाराची कडी वाजेपर्यंत हेमा वर उभी होती.